खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं?

आपल्या मंडळाच्या बैठकीत या अंकासाठी ‘वाद’ हा विषय ठरला, तेव्हा बहुतेकांनी साहित्यातले वाद निवडले. मी म्हटलं, मी फुटबॉलवर लिहीन. दोघंतिघं हसले. हसणं साहजिक होतं, कारण वर्गात मी कादंबऱ्यांवर बोलते, खेळावर कधीच नाही. पण मी ऐकलेला सगळ्यात लांबलेला वाद एका हरलेल्या सामन्यावरचा आहे. तो मैदानावर सुरू झाला, टेम्पोतून आमच्या गल्लीत आला, जेवणाच्या ताटापर्यंत पोचला, आणि तिथे त्यात मीही तोंड घातलं. ‘हरलो कोणामुळे?’ एवढाच प्रश्न होता. या प्रश्नाचं उत्तर नेहमी एकाच माणसावर जाऊन का थांबतं, ते समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे.

आधी घरचं

आमचं घर आदिलाबादला, तेलंगणाच्या अगदी वरच्या टोकाला. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू, बाजारात हिंदी आणि चर्चमध्ये केरळहून आलेले फादर. या फादरांमुळेच आमच्या गल्लीत क्रिकेटच्या बरोबरीने फुटबॉल आला. संध्याकाळी ते झगा काढून ठेवायचे, ट्रॅकपँट घालायचे आणि पोरांना पळवायचे. माझा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच गोलकीपिंग शिकला. आता तो इंटरच्या पहिल्या वर्षाला आहे.

गेल्या संक्रांतीच्या सुट्टीत त्यांच्या टीमचा उपांत्य सामना होता. १-१ अशी बरोबरी होती आणि पाचेक मिनिटं उरली होती. समोरून एक उंच चेंडू आला. भावाने उडी मारून तो पकडला, पण जमिनीवर येताना चेंडू हातातून सुटला आणि त्यांच्या एका खेळाडूने नुसता पाय लावला. २-१. संपलं.

परत येताना टेम्पोत कोर्ट भरलं. पहिल्या हाफमध्ये मोकळ्या गोलसमोर एकाने चेंडू आभाळात मारला होता, तर म्हणे त्याची चूक. पायात गोळा आलेल्या डिफेंडरला फादरनी बाहेर बसवलं, तर फादरांची चूक. रेफरी समोरच्या टीमच्या गावचा, तर त्याची चूक. गोलसमोरची जमीनच खडबडीत, तर मैदानाची चूक. पण घर जवळ यायला लागलं तशी एकेक नावं गळत गेली. शेवटी एकच वाक्य उरलं, ‘तुले धरता नाही आलं काय बे?’

आणि रात्री जेवताना मी, फुटबॉलला कधी पाय न लावलेली, त्याला म्हणाले, “अरे, ढकलून द्यायचा ना बाहेर. पकडायला कशाला गेलास?”

तो काही बोलला नाही. भात संपवला, ताट धुतलं. दुसऱ्या दिवशी त्याचे ग्लोव्हज माळ्यावर गेले. अजून तिथेच आहेत.

फातोर्ड्याचा गोलकीपर

कॉलेजला परतल्यावर मी एक जुना सामना शोधून पाहिला. भावाच्या तोंडून त्याचं नाव बऱ्याचदा ऐकलं होतं.

२० डिसेंबर २०१५. मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये आयएसएलची अंतिम लढत, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन एफसी. गोव्याची टीम, गोव्याचंच मैदान आणि गोलमध्येही गोव्याचाच मुलगा, लक्ष्मीकांत कट्टीमनी. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि गोवा २-१ने पुढे गेला. स्टेडियममध्ये जल्लोष सुरू झाला. मग ९०व्या मिनिटाला चेंडू कट्टीमनीच्या हाताला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. त्यातून कोणी सावरायच्या आत जादा वेळेत मेंडोझाने तिसरा गोल केला. चेन्नईयिन ३-२ने विजेते.

आता सांगा, गोवा कोणामुळे हरला?

कोणीही चटकन म्हणेल, कट्टीमनीमुळे. पण त्याच सामन्यात त्याने पेनल्टीही अडवली होती. तिसरा गोल झाला तेव्हा मेंडोझाला रोखायला इतर दहा जण मैदानात होते. आणि २-१ची आघाडी मिळाल्यावर उरलेली काही मिनिटं डोकं शांत ठेवून काढणं ही सगळ्या टीमची जबाबदारी होती. हे सगळं स्कोअरबोर्डवर दिसत नाही. स्कोअरबोर्डवर स्वयंगोलापुढे एकच नाव लिहिलेलं असतं.

फुटबॉलमध्येच हे इतकं का होतं?

क्रिकेटच्या एकदिवसीय सामन्यात एका डावात तीनशे चेंडू असतात. एकाने कॅच सोडला तरी तो विसरायला पुढे बरंच काही घडतं. दोष आपोआप वाटला जातो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल झाले तरी पुष्कळ. त्यामुळे प्रत्येक गोलाचं वजन फार, आणि त्या गोलाशी जोडलेल्या नावाचंही.

त्यातही गोलकीपरचं काम वेगळं. स्ट्रायकरने पाच संधी घालवल्या आणि सहावीवर गोल केला तर तो हिरो. गोलकीपरने पाच चेंडू अडवले आणि सहावा सुटला तर तो गुन्हेगार. कारण स्ट्रायकरच्या चुकीनंतर खेळ पुढे सुरू राहतो, गोलकीपरच्या चुकीनंतर चेंडू जाळ्यात असतो.

मग येतो प्लेऑफ. आयएसएलमध्ये तेव्हा साखळी सामने झाले की वरच्या टीम बाद फेरीत जायच्या आणि विजेतेपद तिथे ठरायचं. २०२२-२३मध्ये आमच्या हैदराबाद एफसीने २० साखळी सामन्यांत ४२ गुण मिळवले आणि दुसरा नंबर काढला. साखळीत एक सामना वाईट गेला तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. बाद फेरीत पुढचा आठवडाच नसतो. महिन्यांची मेहनत एका संध्याकाळीवर येऊन टेकते, आणि त्या संध्याकाळी जो चुकतो त्याच्या नावावर सगळा हंगाम जमा होतो.

२१० मिनिटं आणि दोन किक

त्याच हंगामात उपांत्य फेरीत हैदराबादची गाठ एटीके मोहन बागानशी पडली. पहिला सामना हैदराबादला झाला, ०-०. दुसरा १३ मार्च २०२३ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, तोही जादा वेळेसह ०-०. मग पेनल्टी शूटआउट. हावियर सिवेरियोची किक गोलकीपरने अडवली, ओगबेचेची खांबाला लागली. हैदराबाद ४-३ने हरलं.

आमच्या गल्लीत त्या रात्री ही दोनच नावं होती. ओगबेचेला शिव्या पडल्या. हाच माणूस आदल्या हंगामात १८ गोल करून आयएसएलचा सर्वाधिक गोल करणारा ठरला होता.

आता जरा हिशेब करू. नव्वद आणि नव्वद एकशे ऐंशी, वर जादा वेळेची तीस. म्हणजे २१० मिनिटं. एवढ्या वेळात हैदराबादच्या एकाही खेळाडूला गोल करता आला नाही. शूटआउटची वेळ आली ती त्यामुळे. पण या २१० मिनिटांचा दोष कोणालाही लागला नाही, कारण तो सगळ्यांचा होता. सगळ्यांचा दोष म्हणजे कोणाचाच नाही. शूटआउटमध्ये मात्र एक माणूस एकटा चालत अकरा मीटरच्या ठिपक्यापाशी जातो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर असतो.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. सिवेरियोची शूटआउटमधली किक त्याच्या आदल्या वर्षीही वाया गेली होती, आणि तीसुद्धा थेट अंतिम सामन्यात. २० मार्च २०२२, पुन्हा तेच फातोर्डा, हैदराबाद विरुद्ध केरला ब्लास्टर्स. आम्ही सगळे चर्चच्या हॉलमध्ये एका टीव्हीसमोर बसलो होतो. फादर अर्थातच पिवळ्या शर्टात, पोरं हैदराबादच्या बाजूने. ब्लास्टर्स १-०ने पुढे होते, पण ८८व्या मिनिटाला साहिल तावोराने बरोबरी केली आणि पुढे शूटआउट झालं. त्यात सिवेरियो चुकला. पण हैदराबादच्या गोलकीपरने ब्लास्टर्सच्या तीन किक अडवल्या. त्यातली निशू कुमारची किक रेफरीने पुन्हा घ्यायला लावली, ती त्याने पुन्हा अडवली. हैदराबाद ३-१ने विजेते.

सिवेरियोची ती चूक आज कोणाला आठवते? कोणालाच नाही. चूक तीच, माणूस तोच. एका वर्षी टीम जिंकली म्हणून ती पुसली गेली, दुसऱ्या वर्षी टीम हरली म्हणून ती कोरली गेली. म्हणजे आपण चूक पाहून दोष देत नाही. आधी निकाल पाहतो, मग त्याला शोभेल असा दोषी शोधतो.

आणि तीन किक अडवणारा तो गोलकीपर कोण होता? लक्ष्मीकांत कट्टीमनी. सहा वर्षांनी, त्याच मैदानावर, तसाच अंतिम सामना.

ही गोष्ट मला खूप आवडते, पण तिचा एक धोकाही आहे. आपण लगेच म्हणतो, बघा, त्याने भरपाई केली. जणू २०१५चं कर्ज होतं आणि २०२२मध्ये ते फिटलं. समजा २०२२मध्ये तो हरला असता, तर २०१५चा दोष खरा ठरला असता का?

‘खापर’ आणि ‘हामार्तिया’

साहित्याची विद्यार्थिनी आहे, तेव्हा थोडं शब्दांवर.

खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. मडकं आधीच फुटलेलं आहे. ते सांधता येत नाही म्हणून उरलेलं खापर आपण कोणाच्या तरी डोक्यावर फोडतो. नुकसान भरून निघत नाही, फक्त आवाज होतो आणि आपल्याला बरं वाटतं.

दुसरा शब्द आपल्या अभ्यासातला. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाबद्दल बोलताना ‘हामार्तिया’ हा शब्द वापरला. परीक्षेत आपण त्याचं उत्तर ‘नायकाचा स्वभावदोष’ असं लिहून टाकतो. पण या शब्दाचा मूळ अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. बाण सोडला, लक्ष्याला लागला नाही, एवढंच. पुढे नव्या कराराच्या ग्रीकमध्ये हाच शब्द ‘पाप’ या अर्थाने आला. एका शब्दाच्या पोटात नेम चुकणंही आहे आणि पापही. हरलेल्या सामन्यानंतर आपण नेमकं हेच करतो. नेम चुकलेल्या माणसाला पापी ठरवतो.

ब्राझीलने हे फार मोठ्या प्रमाणावर केलं. १६ जुलै १९५०ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर वर्ल्ड कपचा निर्णायक सामना होता. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. ७९व्या मिनिटाला उरुग्वेच्या गिजियाने गोलकीपर आणि जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून चेंडू मारला आणि उरुग्वे २-१ने जिंकला. गोलकीपर होता मोआसिर बार्बोसा. तो २०००मध्ये वारला, तोवर पन्नास वर्षं त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं. त्या पराभवाचा दोष मुख्यतः तीन खेळाडूंवर आला, आणि ते तिघंही कृष्णवर्णीय होते. खापर सहसा उतारावरूनच घरंगळत जातं. आमच्या टेम्पोतही वयाने सगळ्यात लहान माझाच भाऊ होता.

आणि २०१५च्या त्या रात्री एफसी गोवाचा कोच कोण होता, माहितीये? ब्राझीलचा झिको. १९८६च्या वर्ल्ड कपमध्ये उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली होती. त्या सामन्यात झिकोने ऐन खेळात पेनल्टी घालवली, आणि पुढे ब्राझील शूटआउटमध्ये हरलं. नंतर शूटआउटमध्ये झिकोने आपली किक गोलमध्ये घातली होती, पण लक्षात राहिली ती घालवलेलीच. त्या रात्री कट्टीमनीच्या मनात काय चाललं असेल ते समजू शकणारा एक माणूस तरी त्याच्याच बाकावर बसलेला होता.

मग कोणालाच जबाबदार धरायचं नाही?

इथे तुम्ही मला अडवाल. सगळ्यांना माफ करत बसलं तर सुधारणा कशी होणार? बरोबर आहे. जबाबदारी असते. पण ती शोधायची जागा बहुतेक वेळा चुकते.

३ मार्च २०२३ला बेंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर प्लेऑफचा सामना होता, बेंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. जादा वेळेत बेंगळुरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत सुनील छेत्रीने ती मारली आणि गोल झाला. ब्लास्टर्सचं म्हणणं, हा गोल धरू नये. रेफरीने धरला. मग कोच इव्हान वुकोमानोविच यांनी आपल्या खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावून घेतलं, आणि टीम सामना अर्धवट सोडून निघून गेली. पुढे फुटबॉल महासंघाने ब्लास्टर्सना ४ कोटी रुपयांचा दंड केला आणि कोचवर १० सामन्यांची बंदी घातली.

इथे दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. भिंत उभी करायला उशीर झाला ही क्षणभराची चूक. मैदान सोडणं हा निर्णय. तो घ्यायला वेळ होता, पर्याय होते, परिणाम माहीत होते. गोल मान्य करून उरलेला वेळ खेळता आलं असतं. पहिलीला आपण कारण म्हणू, दुसऱ्याला जबाबदारी.

मला वाटतं, वाद घालताना ही फोड करायला हवी. पेनल्टीचा चेंडू गोलपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचतो. तेवढ्यात गोलकीपर जे करतो तो सराव असतो, अंदाज असतो, नशीब असतं. त्याला निर्णय म्हणता येत नाही. पण कोणाला खेळवायचं, किती सराव द्यायचा, खेळाडूंचे पैसे वेळेवर द्यायचे की नाही, हे सगळे निर्णय असतात. हैदराबाद एफसीचंच बघा. २०२३-२४मध्ये खेळाडूंचे पैसे थकले, नवे खेळाडू नोंदवायला बंदी आली, बरेच जण सोडून गेले, आणि दोन वर्षांपूर्वीचे विजेते अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकून शेवटच्या नंबरावर गेले. ते घडलं मैदानाबाहेरच्या निर्णयांमुळे. पण त्या निर्णयांवर कॅमेरा नव्हता. ओगबेचेच्या किकवर मात्र आमच्या गल्लीत रात्रभर वाद झाला होता.

पुन्हा घरी

हा लेख लिहायला घेतला आणि वरची फोड कागदावर मांडली, तेव्हा मीच अडकले. माझ्याच मापाने मोजलं तर भावाच्या हातातून चेंडू सुटणं ही क्षणाची चूक. आणि त्या रात्री मी बोलले ते? सामना संपून चार तास झाले होते. तो दमलेला दिसत होता. टेम्पोत काय झालं ते मला कळलं होतं. माझ्याकडे वेळ होता, गप्प बसायचा पर्याय होता. मी निर्णय घेतला होता.

मागच्या रविवारी घरी फोन केला. भावाला म्हटलं, त्या दिवशी मी उगाच बोलले. मग कट्टीमनीची गोष्ट सांगायला लागले. तो मध्येच म्हणाला, “माहितीये गं मला. दोन्ही मॅच पाहिल्यात.”

मी गप्प. मग त्यानेच विचारलं, “तायडे, एक सांग. मी तो बॉल ढकलून दिला असता, आणि तो त्यांच्याच पोराच्या पायावर पडून गोल झाला असता, तर तू काय म्हणाली असतीस?”

मी जरा विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

“पकडायचा ना, ढकलला कशाला, असं म्हणाले असते.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मेच्या सुट्टीत घरी गेले की माळ्यावरून ग्लोव्हज काढून पुसून ठेवणार आहे. घालायचे की नाही, ते तो ठरवेल.